इम्पोर्ट न लिहिणारे वानखडे सर

खामगावच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमधले वानखडे सर जावा भाषेतल्या प्रोग्राममध्ये इम्पोर्टची ओळ लिहीत नसत. ती एकदा वर लिहिली की खाली तयार साच्याचं, म्हणजे क्लासचं, नुसतं ‘ॲरेलिस्ट’ हे नाव लिहून भागतं. पण सर दर वेळी ‘जावा डॉट युटिल डॉट ॲरेलिस्ट’ असं साग्रसंगीत लिहीत. फळा भरायचा, पोरांचे हात दुखायचे आणि त्यानंतर मी घ्यायचा टॅलीचा तास उशिरा सुरू व्हायचा.

“सर, वर एक ओळ लिहा ना,” मी कितीदा तरी म्हटलं.

“काऊन? डेट नावाचे क्लास दोन आहेत. एक युटिलमधला, एक एसक्यूएलमधला. नुसतं डेट म्हटलं तं कोणता समजाचा? पुरं नाव घ्यावं.”

माणसांशीही तेच. चहावाल्याला हाक मारायची तर “डोणगावचे गणेश रामदास इंगळे, दोन चहा!” आणि चूक कबूल करणं तर त्यांना ठाऊकच नव्हतं. प्रोग्राम अडला की कॉम्प्युटर चुकलेला असे.

पिंपळगाव राजाची वैशाली आमची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. पुण्याच्या एका कंपनीनं तिला मुलाखतीत विचारलं, इम्पोर्ट केल्यानं काय होतं? बिचारीनं ती ओळ वर्गात कधी पाहिलीच नव्हती. “क्लासचा ऑब्जेक्ट तयार होतो,” म्हणाली. साचा आणला की वस्तू आपोआप घडते, असं म्हणण्यासारखंच ते. मुलाखत तिथंच संपली. तिच्या वडिलांनी निरोप धाडला, शिकणं पुरे झालं, पोरगी आता घरीच राहील.

मी सरांवर भडकलो. रविवारी ते म्हणाले, “चाल बे, पिंपळगावले.”

ओसरीवर बसताच त्यांनी वडिलांना सांगितलं, “पोरगी नाई चुकली. मी चुकलो. मले पुन्हा शिकवू द्या.”

मग ते वैशालीकडं वळले. “इम्पोर्टनं काही बनत नाई. फक्त पुरं नाव लिहाची कटकट वाचते. ऑब्जेक्ट वेगळा बनवा लागते.”

“मंग दोनातला मोठा आकडा काढाले आपण मॅथ डॉट मॅक्स लिहितो, तवा ऑब्जेक्ट काऊन नाई लागत?” वैशालीनं विचारलं.

“ती स्टॅटिक मेथड हाय.” सर वडिलांना म्हणाले, “कापसाचा भाव इचाराले गाडी भरून न्या लागते का?”

“नाई. बाजार समितीत फोन केला की सांगतेत.”

“तसंच. थेट क्लासच्या नावानं इचाराचं. अन् आपल्या मालाचं वजन कराचं असंल तं?”

“गाडी न्याच लागंल.”

“म्हंजे ऑब्जेक्ट,” वैशाली हसून म्हणाली.

तिला कळलं होतं. तरी सर तेच आणखी चार तऱ्हांनी सांगत राहिले. परतीची बस निघून गेली. शेवटी वैशालीची आई जेवायला बोलावायला आली, तसे सर लगेच हात धुवायला उठले.

पुढं प्रत्येक रविवारी ते जाऊ लागले. वैशाली पुण्याला नोकरीला लागली, तरी यांचं जाणं चालूच.

“आता कोणाले शिकवता तिथं?” मी वैतागून विचारलं.

“कोणालेच नाई. तिचे बाबा बोलतेत माह्याशी. तुही वहिनी गेल्यापासून घरी टीव्हीच बोलते फक्त.”

पायात चपला सरकवत म्हणाले, “येतं का तू संगं?”

आज जेवायला येत नाही, असं सांगायला मी घरी फोन केला.