मास्तर, तोंड दाखवा

आमच्या घराची एक भिंत लूमच्या कारखान्याची होती. अलीकडे एका खोलीत सात माणसं, पलीकडे चोवीस लूम. हंड्यातलं पाणी दिवसभर थरथरायचं. बाप लूमवर आणि चंद्राआत्या तिथंच कांड्या भरायला, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायला. त्या दोघांच्या ड्युटीवर मी बी.ए. झाले, इतिहास घेऊन. घराण्यातली पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते.

आता मी भिवंडीतल्याच एका इतिहास संग्रहालयात कार्यक्रम सहायक आहे. व्याख्यानं, शाळांच्या सहली, कार्यशाळा सगळं माझ्याकडे. आणि प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत मधोमध, मांडीवर पिशवी घेऊन, आत्या.

वक्ता पडद्याकडे वळून नकाशा दाखवायला लागला की ती ओरडते, “मास्तर, तोंड दाखवा.” तिच्या लेखी सगळेच मास्तर. जुन्या नाण्यांवर बोलणारे एक गृहस्थ मिशीतल्या मिशीत पुटपुटत होते. “मास्तर, मिशा जरा वर करा.” बिचाऱ्यांनी केल्या.

दालनात एक जुना लूम मांडलाय. पुढे दोरी आणि ‘हात लावू नये’ची पाटी. आत्या दोरीखालून जाते आणि हात लावते. रखवालदार शिट्टी फुंकतो, ती मान वळवत नाही. मी दटावलं तर म्हणाली, “यानं माझी तीस वर्सं खाल्ली. आन मी हातपन लावू नको?”

शेवटी तक्रार गेली. एका रविवारी व्याख्यानाआधी संग्रहालयाच्या सचिवांनी मला बाजूला घेतलं. “आत्याबाईंना पुढच्या वेळेपासून घरीच ठेवा. लोक हसतात.” मग ते व्यासपीठावर जाऊन बसले आणि पाहुण्यांच्या कानाशी काहीतरी कुजबुजले. माईक बंद होता. मी पायरीवर उभी, मलाही ऐकू आलं नाही.

“आजचाच दिस न्हाय, सायेब,” पहिल्या रांगेतून आवाज आला. “मी पुढल्या रविवारीपन येनार हाय.”

सचिवांचा चेहरा पडला. नंतर पाहुण्यांकडून कळलं, ते नेमकं ‘आजचा दिवस सहन करा’ असं म्हणाले होते.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. लूमच्या खडखडाटात कुणाला काही ऐकू येत नाही. कामगार ओठ वाचतात, हातांनी बोलतात. पण इथं कुठला खडखडाट? मी आत्याच्या मागे जाऊन हाक मारली. पुन्हा मारली. सगळा हॉल वळला, ती सोडून.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. “कधीपासून?”

“तू धाव्वीत होतीस.”

“सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर मला घरी बसवली असती. आन माझ्या जागी कांड्या भरायला कोनाला धाडलं असतं?” तिनं माझ्याकडे बोट केलं.

व्याख्यान संपल्यावर मी सचिवांना गाठलं. म्हटलं, “आत्या घरी बसणार नाही. तुमच्याकडे लूम आहे, पण त्याच्यासमोर कसं बोलायचं हे इथं तिला एकटीला येतं. तिला काढायचं तर लूमपण भंगारात द्या.”

“नोकरी जाईल तुमची.”

“जाऊ दे. बी.ए. कुठं जात नाही.”

आत्याला पोरांना लूमची बोली दाखवू द्या, म्हणून महिनाभर मी रोज त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले. शेवटी कंटाळून म्हणाले, “एकदाच.”

शाळेची पोरं आली. आत्या लूमजवळ उभी राहिली. दोन बोटं झटकली: धागा तुटला. अंगठा ओठाला: चहा. नाक चिमटीत धरून पोट पुढे काढलं: मुकादम आला. पोरं लोळायची बाकी राहिली. सचिवपण हसले. त्यांना ती म्हणाली, “सायेब, तोंड दाखवा. हसताय का रडताय?”

घरी जाताना तिनं माझी बाही ओढली आणि माझ्या ओठांकडे बघत राहिली.

“पोरं हसली ना, ती आवाजानं हसली का नुसतेच दात दाखवले?”

मी रस्त्यातच थांबले, तोंड तिच्याकडे केलं. “आवाजानं, आत्या. लूमपेक्षा मोठ्यानं.”

तिनं मान हलवली आणि चालायला लागली.

आता कार्यक्रमपत्रिकेवर दर महिन्याला छापून येतं: लूमची हातबोली, शिकवणार चंद्राबाई. लूमपुढची दोरी काढली आहे.