मासेलीनाची फुगलेली टाकी

मासेलीनाने आणखी एक काडी ओढली. शेगडीजवळ नेताच ती विझली.

"टाकी तर टम्म फुगलीये की!" दारातून नणंद आओलेले म्हणाली.

"फुगलीये वन्सं, पण पेटत नाही. असतं काहींचं तसं."

डुकरांच्या विष्ठेवर चालणारी गॅसची टाकी गावात तेवढी एकच. महिला समितीत मासेलीनाने छाती ठोकून सांगितले होते, "पाद्रीबाबांचं रविवारचं जेवण यंदा माझ्या गॅसवर. ना धूर, ना काजळी!" आता प्रार्थना सुटल्यावर ताट वाढले नाही, तर गावाला वर्षभराची करमणूक होती.

आणि हे कुणामुळे? टाकीला रोज थोडेच घाला, असे ती बसवून देणाऱ्या, राजधानी आपियाच्या साहेबांनी बजावले होते. पण शुक्रवारचे लग्न उरकल्यावर आओलेले अननसाच्या सालींची बादली घेऊन आली. "टाकीला माझ्याकडून भेट!" अख्ख्या सामोआत नवऱ्याच्या बहिणीला नाही म्हणायची कुणाची छाती? मासेलीनाच्या नवऱ्याने, इसीतोलोने, निमूट बादली ओतली. बहिणीची घेतली मग आमची का नको, म्हणून शेजारणी आल्या. मग चुलत्या, माम्या. लिंबं, माशांची डोकी, आंबलेलं नारळाचं दूध, उरलेला केक. टाकी होती की उकिरडा?

"अपचन झालंय तिला," इसीतोलो टाकीवर कान ठेवून म्हणाला. "आंबट चढलंय. नुसता वारा भरलाय, जळणारा गॅस नाही. पंधरा दिवस उपास घडवायला हवा."

"उपास? पाद्रीबाबांना सांगू का तसं? ऊठ, मागे दगड तापव!"

रविवारी घरोघरी धूर असतो, एक जास्त कुणाला कळणार? तापल्या दगडांवर, केळीच्या पानांखाली डुक्कर, तारोचे कंद, विलायती फणस गेले. फुंकून फुंकून मासेलीनाचा पांढराशुभ्र पोशाख करडा झाला. रडूच आले असते, पण संतापाने तेही आले नाही.

पाद्रीबाबांनी बोटं चाटली. "वा! गॅसवर अशी खमंग चव येते? मला वाटलं होतं, सगळं मिळमिळीत लागेल."

आओलेले गालात हसत होती. मासेलीनाने पाद्रीबाबांना आणखी एक तुकडा वाढला.

"अशी चांगली टाकी उपाशी राहता कामा नये," पाद्रीबाबा पुढे म्हणाले. "यापुढे चर्चच्या प्रत्येक जेवणाचं उष्टंखरकटं इथेच येईल. आणि माझं रविवारचं जेवणही इथेच!"

संध्याकाळी पहिली बादली आली, खुद्द पाद्रीणबाईंकडून. काठोकाठ लिंबं.

"नाही म्हण ना," इसीतोलो कुजबुजला.

"तू म्हण!"

त्याने बादली घेतली. मासेलीनाने कोयता उचलला आणि ती पुढच्या रविवारची लाकडं फोडायला बसली.