मेश्रामभाऊंच्या बेडरूममधला सांबार

भर मे महिन्यात, बाहेर भिलाईचं डांबर चपलेला चिकटत असताना, खिडक्या गच्च लावून, मोठा पिवळा बल्ब पेटवून जो माणूस मातीच्या ट्रेकडे टक लावून बसतो, त्याला तुम्ही काय म्हणाल? आम्ही सेक्टरमधले लोक त्याला मेश्रामभाऊ म्हणतो. पाठीमागे काय म्हणतो ते सोडा.

मेश्रामभाऊ माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. सारी नोकरी स्टील प्लांटच्या भट्टीवर गेली, त्यामुळे जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध. "टेंपरेचर पायजे, ताई, टेंपरेचर!" वरण शिजत नाही? टेंपरेचर. मुलगा फोन करत नाही? तिथेही टेंपरेचरच कमी पडलं असणार.

मागच्या हिवाळ्यात वहिनी गेल्या आणि पाठोपाठ भाऊ रिटायर झाले. दिवाळीनंतर क्वॉर्टर सोडून रायपूरला मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. तिथे अंगण नाही, एक खिडकी आहे. म्हणून ज्यांनी जन्मात कुंडीला पाणी घातलं नाही, त्यांनी मनावर घेतलं की जाण्याआधी खोलीतल्या खोलीत बियांपासून सांबार उगवायचा आणि तो सोबत न्यायचा. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. तीच, जी भाजीवाली पिशवीत फुकट टाकते. मागे एवढं मोठं अंगण मोकळं पडलेलं आणि हे गृहस्थ बेडरूममध्ये शेती करणार!

"अंगणात कावून नाही टाकत, भाऊ?" मी विचारलं.

"फ्लॅटमध्ये अंगण आहे का? मले रूममध्येच शिकाचं आहे."

आधी हात बसावा म्हणून बाजारातल्या पाकिटातला झेंडू पेरला. तो उगवला, पण उजेडासाठी तडफडत दोऱ्यासारखा लांब, फिक्कट होऊन बल्बकडे वाकला. भाऊ खूश. "पाहा, कशी हाइट घेऊन राहिला!" दुसऱ्या दिवशी सगळी हाइट आडवी.

मग सांबार. तो तर वरच येईना. येणार कसा? हा माणूस उठता बसता चमच्याने माती उकरून दाणा बाहेर काढायचा, चष्म्यासमोर धरायचा आणि पुन्हा पुरायचा. "इन्स्पेक्शन करून राहिलो," म्हणायचे. त्या धन्याच्या जागी मी असते तर मीही उगवले नसते. वरून पाणी इतकं, की ट्रेमध्ये बुरशीचा पांढरा गालिचा.

आणि सर्वांत मोठा शहाणपणा म्हणजे धने अख्खे पेरायचे! पेरण्याआधी धने चपलेखाली रगडून त्यांच्या दोन फाका कराव्या लागतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी भिंतीवरून ओरडून ओरडून थकले. उत्तर ठरलेलं. "चपलीनं काही होत नाही, ताई."

पावसाळा सरला. ट्रे कोराच होता आणि औषधाच्या ज्या बाटलीतून भाऊ धने काढायचे तिचा तळ दिसायला लागला. माझाच संयम संपला. दुकानातून धन्याची पुडी घेऊन मी तरातरा त्यांच्या खोलीत शिरले.

"हे घ्या ताजे. अन ते जुने फेका."

"दुकानाचे नोको."

"मग तेच द्या इकडे. मी रगडून देते." मी बाटली ओढून घेतली, उरलेले दाणे फरशीवर ओतले आणि पाय उचलला. भाऊ एकदम खाली बसले. दोन्ही तळहात त्यांनी दाण्यांवर झाकले.

"चप्पल नोका लावू, ताई. तिच्या हातचे आहेत."

वहिनी अंगणात दरसाल सांबार लावायच्या, ठाऊक होतं मला. चार रोपं फुलावर सोडून त्यांचं बी त्या पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या. हे शेवटचं बी त्यांनी दुखण्यात बसून निवडलं होतं. मग दवाखान्याच्या खेपांत अंगण वाळून गेलं आणि उरलं ते एवढं, बाटलीतलं. या शहाण्याने तेही मायेनेच मारत आणलं होतं.

"हे आधी सांगाचं नाही का?" मी चिडूनच बोलले. दुसरं काय बोलणार?

"काय सांगू? तिचं एवढंसं बी सांभाळता येत नाही मले, असं सांगू?"

मी चपला दाराबाहेर काढून आले. दोघांनी फरशीवर बसून एकेक दाणा बोटांनी चेपून फोडला. बल्ब काढला, खिडकी उघडली, ट्रे उजेडात सरकवला आणि चमचा मी माझ्या घरी घेऊन गेले. हिरवे कोंब वर आले तेव्हा भाऊंनी मला हाक मारली. मी आत गेले तर ते बोटाने एकेक कोंब मोजत होते.

दिवाळी झाली आणि मुलगा गाडी घेऊन आला. ट्रे पाहून म्हणाला, "पापा, ये तो वहाँ भी मिल जाता है." भाऊ ट्रे मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले.

मी खिडकीशी वाकले. "कोवळा आहे तोवर वरणात टाका, भाऊ."

"तोडाचा नाही, ताई. फुलावर येऊ देईन. बी धराचं आहे. दरसाल तिनंच धरलं."

गाडी सुरू झाली. वाऱ्याने रोपं वाकू नयेत म्हणून त्यांनी हाताचा आडोसा केला होता. नुसती काच वर केली असती तरी भागलं असतं. तेवढं सांगायला मी हात उचलला आणि तोच हलवत राहिले.