दोन्ही बाजूंचा बुवा

बाळा परब आमच्या दाराची बेल सात मात्रांत वाजवतो. तीनदा दाबून जरा थांबतो, मग दोनदा, मग पुन्हा दोनदा. पहिल्यांदा त्याने ती वाजवली तेव्हा मला वाटलं, बिल्डिंगला आग लागली. मी दाढीचा साबण लावलेल्या तोंडाने धावत जाऊन दार उघडलं, तर हा शांतपणे म्हणाला, "गोखल्या, घाई केलीस. समेवर उघडायचं ना!"

नाहूरला मी ब्लॉक घेतला तो शांततेसाठी. आणि नेमका डोक्यावर परब.

परब विम्याच्या ऑफिसात क्लेम तपासतो. पंचावन्नच्या पुढे गेलेला आहे. पोट आहे, चष्मा आहे, रक्तदाबाची गोळी आहे. गळ्यात मात्र इलेक्ट्रिक गिटार आहे. आम्ही शेजारी झालो तेव्हापासून तो आपला पहिला अल्बम करत होता. त्याच्या वयाची माणसं पहिली अँजिओग्राफी करतात!

अल्बमचं सगळं काम बेडरूममध्ये. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याने घरातल्या झाडून सगळ्या गाद्या भिंतींना बांधल्या होत्या. "पाहुणा मुक्कामाला आला की भिंत सोडून खाली अंथरते," असं ज्योतीवहिनी मला म्हणाल्या. ड्रम वाजवायला मुलुंडहून दातांच्या एक डॉक्टरीणबाई येत. दिवसभर हळुवार हाताने लोकांच्या दाढा काढायच्या आणि संध्याकाळी येऊन परबाच्या घरी त्याचा वचपा काढायचा, असा त्यांचा दिनक्रम. गाद्यांचा उपयोग फारसा होत नसे. आमच्या मांडणीतल्या वाट्या त्यांच्याबरोबर वाजत.

"हे नक्की कसलं संगीत?" मी एकदा वैतागून विचारलं.

"पंक आणि प्रोग्रेसिव्ह. दोन्ही."

"म्हणजे?"

"हे बघ, पंक म्हणजे नळावरचं भांडण. आली, बोलली, कळशी आपटली, गेली. खलास. आणि प्रोग्रेसिव्ह म्हणजे लग्नाची बोलणी. आधी चहा, मग पोहे, मग कोणाची तरी मावशी रुसणार, मग पत्रिका, मग पुन्हा चहा. घाईच नाय."

परबाचा पिंड उघडच दुसऱ्या जातीचा. निघतो म्हणून उठला की दारात अर्धा तास उभा. त्याला नुसतं "कसा आहेस?" विचारलं तरी उत्तर मालवणच्या आजोळापासून सुरू होतं. म्हणूनच अल्बममधली गाणी त्याने ऐकवली तेव्हा मी बुचकळ्यात पडलो. एक गाणं लांबलचक, ताल बदलत, वळणं घेत जाणारं. त्याच्या लगेच पुढचं मात्र सुरू झालं म्हणेपर्यंत संपणारं आणि त्यात नुसत्या शिव्या! 'गप रे लांबण लावणाऱ्या', 'तुझं गाणं की म्हशीचं रवंथ', 'आवरतं घे मेल्या, मुंबईला जायची गाडी सुटली'. पुन्हा लांब गाणं. पुन्हा शिव्या. शेवटपर्यंत हेच.

"कोणाला एवढं झोडपतोयस रे?"

"मला," परब म्हणाला आणि चष्मा पुसत बसला. नेहमी लांबण लावणारा हा माणूस त्यावर पुढे काहीच बोलला नाही, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

खुलासा ज्योतीवहिनींनी केला. परबाचे वडील गिरणीत होते आणि भजनात बुवा होते. कोकणातल्या लोकांना डबलबारी सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. दोन बुवा समोरासमोर बसतात. एकाने भजनातून दुसऱ्याला चिमटे काढायचे, टोमणे मारायचे, आणि दुसऱ्याने आपली बारी आली की सव्याज परत करायचे. समोर कोणी नसेल तर कितीही गोड गळा असो, ती डबलबारी नव्हे. परबाच्या वडिलांनी दोन पोरांना शिकवलं. एक बाळा आणि दुसरा वाकोल्याचा सुऱ्या घाडी. पोरं मोठी झाली, पेटी-पखवाज सोडून गिटार आणि ड्रमकडे वळली, पण खोड तीच राहिली. बाळाने लांब गाणं रचायचं, सुऱ्याने त्याची दोन मिनिटांत टर उडवायची. कॉलेजांतून दोघांनी धमाल उडवली होती म्हणे.

मग रेकॉर्डिंगचा दिवस ठरला. स्टुडिओत बाळाचं गाणं काही केल्या संपेना. तो नवी नवी कडवी घालत राहिला. सुऱ्याने ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्या. "तुझं झालं की बोलव," म्हणाला आणि निघून गेला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? यांनी बोलावलंच नाही. तोही आला नाही. दोघांचे केस गेले, भांडण राहिलं." वहिनींनी आवाज खाली आणला. "आता दोन्ही बाजू हेच गातात. स्वतःला शिव्या पण हेच देतात. अल्बमच्या कार्यक्रमाचं आमंत्रण पाठवलंय त्याला फोनवर. त्याने बघितलंय. उत्तर नाही."

कार्यक्रम सोसायटीच्या सत्यनारायणाच्या संध्याकाळी गच्चीवर ठेवला होता. तीर्थप्रसाद झाला आणि परबाने माईक मांडले. एका बाजूला तो आणि डॉक्टरीणबाई. समोर दुसरा माईक आणि एक रिकामी खुर्ची. ती कोणासाठी हे मला ठाऊक होतं, वहिनींना ठाऊक होतं. आमचे चेअरमन शहाभाई यांना ठाऊक नव्हतं. गच्चीवर माईकसमोर एकच खुर्ची मांडली आहे म्हणजे ती आपलीच, या भाबड्या विश्वासाने ते जाऊन बसले. परबाने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. सत्यनारायणाच्या दिवशी चेअरमनला उठवणार कोण?

गाणी मात्र झकास झाली, हे मला कबूल केलंच पाहिजे. पोरंटोरं नाचली. आज्यांनी आरतीच्या सवयीने टाळ्या धरल्या. ताल बदलला की त्या चुकत, परबाकडे रागाने बघत आणि पुन्हा धरत. परब घामाने निथळत उड्या मारत होता, आणि दर उडीला त्याचे डोळे जिन्याच्या दाराकडे जात होते.

शेवटचं गाणं ऐन भरात आलं आणि परबाने हात वर केला. सगळं थांबलं. "आता समोरची बारी," तो म्हणाला आणि जिन्याकडे बघत उभा राहिला.

जिन्याच्या दारात कोणी नव्हतं.

सगळ्यांच्या माना शहाभाईंकडे वळल्या. शहाभाई गडबडले, पण माणूस अनुभवी. त्यांनी माईक ओढला, घसा खाकरला आणि म्हणाले, "परबभाईने बहुत सुंदर प्रोग्राम केला. आता एक सूचना. पार्किंगमधी पायपाने गाडी धुवायची नाय. टाकी खाली होते ना."

लोक पोट धरून हसले. मीसुद्धा हसलो. परबही हसला, पण गुंडाळलेली वायर त्याने सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. मला फार वाईट वाटलं. मी त्याच्या हातातली वायर घेतली.

"येईल रे," मी उगाच म्हणालो.

"नाय येणार, गोखल्या. उशीर मी केला ना! बोलवायला सगळा जन्म घेतला."

त्यानंतर बरेच दिवस वरून आवाज आला नाही. ज्या शांततेसाठी मी नाहूरला आलो होतो ती अखेर मिळाली, आणि मला ती खायला उठली.

मग एका रविवारी दुपारी वाट्या पुन्हा वाजायला लागल्या. मी तसाच वर गेलो. दार उघडंच होतं. वहिनी पानं वाढून बसल्या होत्या. परब बेडरूममध्ये जमिनीवर मांडी घालून बसला होता, समोर फोन आणि दोन्ही बाजूंना स्पीकर. वाकोल्याहून गाणं आलं होतं. सोबत निरोप नाही, नमस्कार नाही. कोणीतरी पत्र्याचा डबा जीव खाऊन बडवत होता आणि फाटक्या आवाजात परबाचा उद्धार करत होता. चष्मा, पोट, गिटार, विम्याचं ऑफिस, काही म्हणून सोडलं नव्हतं. मध्येच ताल बदलला. थोड्या वेळाने परत बदलला. मग खोकल्याची उबळ आली, ती ओसरली आणि नवं कडवं सुरू झालं. मी फोनच्या पडद्यावर वाकून पाहिलं. अजून अर्धंही झालं नव्हतं.

परब हसत होता. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"अहो, जेवण गार होतंय," वहिनींनी हाक मारली.

परबाने हात वर केला. "थांब गं. सुऱ्याचं अजून संपलं नाय."