जलीलसरांना सापडलेला व्हायरस

"अब्बा, मिक्सर हँग झालाय," स्वयंपाकघरातून फिजा ओरडली आणि जलीलसरांच्या तोंडातला चहा कडू झाला.

मिक्सरचं त्यांना काही वाटलं नाही. तो अधूनमधून बंद पडायचाच. पण आजवर तो नुसता बंद पडत होता. हँग व्हायला लागला तो समोरच्या माडीवर इरफाननं कॉम्प्युटर क्लास काढल्यापासून.

"बंद पडलाय म्हण," सर म्हणाले.

"तेच ते, अब्बा."

"तेच ते न्हाई! माझ्या घरात पडायचं तर माझ्या भाषेत पडायचं."

"कुठल्याबी भाषेत पडू दे," त्यांची बायको खुर्शिदा आतून म्हणाली, "वाटण मलाच पाट्यावर वाटायचंय."

भोरच्या बाजारपेठेत जलीलसरांची टायपिंग इन्स्टिट्यूट कित्येक वर्षं खडखडत होती. तालुक्यातला निम्मा कारकून वर्ग त्यांच्या हाताखालून गेलेला. एखादं पोरगं हुबेहूब बापावर गेलं, की लोक त्याला 'कार्बन कॉपी' म्हणायचे. कुणी फार चढून बोलायला लागला, की 'जरा मार्जिन सोडून बोल' असा दम भरायचे. हे शब्द आपल्याच इन्स्टिट्यूटमधून जिना उतरून गावात गेले, असं सरांचं ठाम मत होतं आणि ते खोडून काढायची कुणाला गरजही पडली नव्हती.

मग दोन हजार साल उजाडलं आणि त्याबरोबर इरफान आला. हा इरफान सरांचाच विद्यार्थी. किती सांगितलं तरी बटणांकडे बघूनच टाइप करायचा. तो पुण्याला जाऊन काय शिकला कोण जाणे, परत आला तो तीन कॉम्प्युटर टेम्पोत घालूनच. वर्षभरात गावाची जीभ बदलली. पोरांना धडा आठवेना झाला, की 'मेमरी फुल' व्हायची. नवरा-बायकोची भांडणं 'डिलीट' व्हायला लागली. दूध घालणाऱ्या गेनूभाऊंनी तर एकदा रिकामी चरवी दारात ठेवून सांगितलं, "आज म्हशीची सिस्टिम डाऊन हाय, सर."

सरांचा जळफळाट व्हायचा. हो, जळफळाटच, त्याला दुसरं सभ्य नाव नाही. इरफान रस्त्यात भेटला, की वाकून सलाम करायचा. त्या सलामानं तर त्यांना जास्तच लागायचं. खिडकीत उभं राहून टाइपरायटरची रिबन बदलण्याच्या निमित्तानं ते समोरून ऐकू येणारे शब्द टिपून घ्यायचे. बूट, फॉरमॅट, व्हायरस, बग, मदरबोर्ड. अर्थ कळत नसे, पण उच्चार चोख. चारचौघांत बसले, की एखादा शब्द असा टाकायचे, की समोरचा गप्प व्हावा.

आणि घरचा भेदी तर घरातच निघाला. खुर्शिदाच्या जोरावर फिजानं तो क्लास लावला. मराठी टायपिंगमध्ये तिच्यासारखा हात सरांनी दुसऱ्या कुणाचा पाहिला नव्हता. लहानपणी ती त्यांच्या शेजारी स्टुलावर बसायची आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'अब्बा म्हणतात' अशी करायची. आता ती 'इरफानसर म्हणतात' अशी करत होती. हे मात्र सरांना काळजात जाऊन लागलं होतं. तिला तिथून काढायला एखादं कारण मिळावं, एवढंच ते शोधत होते.

अशात मानसिंगरावांचा सत्कार ठरला. मानसिंगराव उत्रोलीचे, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होणार. सत्कार समितीचे अध्यक्ष गेनूभाऊच. गावात कुणाचाही सत्कार असो, मानपत्र जलीलसरांनी लिहायचं आणि जलीलसरांनीच टाइप करायचं, हा रिवाज.

"सर, मजकूर तुमचाच," गेनूभाऊ म्हणाले. "पर या खेपेला कॉम्प्युटरवर काढू म्हणतो. रंगीत बॉर्डर येती. वरच्या कोपऱ्यात मोर येतो."

सर हार मानणाऱ्यांतले नव्हते. "मग कॉम्प्युटरवर मीच काढतो," ते म्हणाले. "मला काय नवीन हाय व्हय? बुटापासून फॉरमॅटपर्यंत सगळं पाहिलंय."

"बघा!" गेनूभाऊ बरोबर आलेल्या मानसिंगरावांना म्हणाले. "मी म्हनलं नव्हतं?"

तिघं समोरची माडी चढले. इरफान कसलासा सुटा भाग आणायला पुण्याला गेला होता आणि क्लास फिजावर सोपवला होता. तिनं मराठीचं पान उघडून दिलं. इरफाननं मराठीची अक्षरं टाइपरायटरच्याच जागी लावून घेतली होती, त्यामुळं सरांची बोटं पहिल्यापासून बिनचूक पडायला लागली. नजर हातातल्या मजकुरावर. पडद्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. उमटणाऱ्या अक्षरांकडे नाही, मजकुराकडे बघावं, हा त्यांचा पहिला नियम.

'आदर्श शिक्षक श्री. मानसिंगराव' हे नाव आलं. नावाखाली रेघ हवीच. टाइपरायटरवर रेघ मारायची रीत अशी, की आधी नाव टाइप करायचं, मग बॅकस्पेस दाबत दाबत कागदाची गाडी मागं नावाच्या सुरुवातीला न्यायची आणि तिथून रेघेचं बटण दाबत शेवटपर्यंत यायचं. सरांची करंगळी आपोआप बॅकस्पेसवर गेली. टक, टक, टक, टक.

"अब्बा, ते बटण..."

"टायपिंग चालू असताना बोलायचं न्हाई, फिजा."

मागं उभे असलेले मानसिंगराव मात्र पडदा बघत होते. त्यांच्या नावातला 'व' गेला. मग 'रा' गेला. मग 'ग' गेला. निवृत्तीला आलेल्या माणसाला आपलं नाव असं शेपटाकडून संपताना बघवत नाही.

"अहो, मला खाल्लं!" ते ओरडले.

सरांनी रेघ पुरी केली आणि मगच मान वर केली. नावाच्या जागी नुसती रेघ होती, शाळेच्या पेपरातल्या रिकाम्या जागेसारखी. त्यांनी पुन्हा नाव टाइप केलं, पुन्हा मागं गेले, पुन्हा रेघ मारली. पुन्हा नाव गायब. गेनूभाऊ आ वासून बघत होते आणि सरांना काहीतरी बोलणं भाग होतं.

"व्हायरस!" सर म्हणाले.

फिजाचं तोंड उघडलं आणि मिटलं. मानसिंगरावांपुढं, गेनूभाऊंपुढं बापाला काय सांगणार? सरांना मात्र एकदम हलकं वाटायला लागलं. इरफानच्या मशिनमध्ये व्हायरस! आणि शोधला कुणी? "पार मदरबोर्डपर्यंत गेलेला दिसतोय," ते म्हणाले. "फिजा, उद्यापासून तू हितं यायचं न्हाई."

गेनूभाऊ खाली उतरले ते थेट चहाच्या टपरीवर. तिथून बातमी एसटी स्टँडवर गेली आणि वाटेत वाढत गेली. इरफानचा कॉम्प्युटर माणसाचं नाव खातो. आज मानपत्रावरचं खाल्लं, उद्या दाखल्यावरचं खाईल. वेल्ह्याच्या गाडीतून उतरलेल्या ठकुबाईंनी तर तिथंच फतकल मारली. "माझ्या सातबाऱ्यावरलं नाव अजून हाय ना रं, बाबा? भावकी टपूनच बसलीया!" त्यांच्या सातबाऱ्याचा आणि इरफानच्या क्लासचा संबंध काय, हे विचारायला कुणी थांबलं नाही. ज्यांची पोरं क्लासला होती ते आईबाप माडीखाली जमले. कुणी पोराला घेऊन चालला, कुणी नुसताच विचारत होता, की गेलेलं नाव परत येतं का.

सर आपल्या खिडकीतून हे बघत होते. सुरुवातीला त्यांना फार बरं वाटलं. मग गर्दी वाढली, आवाज चढले आणि फिजा एकटी जिन्यात उभी राहून लोकांना समजावताना दिसली, तेव्हा बरं वाटणं जरा कमी झालं. पण पूर्ण गेलं, असं म्हणणं खोटं ठरेल.

तेवढ्यात इरफान आला. पोटाशी खोकं धरून गर्दीतून वाट काढत तो जिन्यापाशी पोचला आणि सगळ्यांनी एकदमच त्याला सांगायला सुरुवात केली. त्यानं ऐकून घेतलं, फिजाकडे पाहिलं. फिजानं मान खाली घातली.

"सरांना बोलवा," तो म्हणाला.

सर गेले. जावंच लागलं. गर्दी माडीवर मावेल तेवढी वर, उरलेली जिन्यात.

"सर, एकदा परत करून दाखवा. काय होतं ते बघू."

सरांनी नाव टाइप केलं. करंगळी बॅकस्पेसवर गेली. टक, टक, टक. इरफान पडद्याकडे बघत नव्हता, त्यांच्या करंगळीकडे बघत होता.

"हाय," तो मग म्हणाला. "व्हायरसच हाय. लई जुना. सरांची नजर म्हणून सापडला, न्हाईतर माझ्या तर लक्षातच आला नसता." त्यानं एक फ्लॉपी आत घातली, कसलीशी बटणं दाबली, पडदा काळा झाला आणि पुन्हा उजळला. "गेला. आता नाव जाणार न्हाई. सर, तुमी मजकूर सांगा, मी टाइप करतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठकुबाईंनी सातबाऱ्याची पुन्हा एकदा खात्री करून घेतली. सर मजकूर सांगू लागले आणि सवयीनं इरफानच्या बोटांवर लक्ष ठेवू लागले. एके ठिकाणी इरफानचं अक्षर चुकलं. त्याची करंगळी उजवीकडे वर गेली, बॅकस्पेसवर पडली. टक. अक्षर पुसलं गेलं. त्यानं नवीन घातलं आणि शांतपणे पुढं गेला.

सरांनी हातातला कागद फिजाकडे दिला. पुढचं वाक्य फिजानं वाचून दाखवलं.

मानपत्र झालं. रेघ आली, बॉर्डर आली, मोर आला. मानसिंगरावांनी आपलं नाव बोट लावून अक्षरागणिक तपासलं आणि सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून वाचलो."

बापलेक रस्ता ओलांडून घराकडे निघाले.

"अब्बा, व्हायरस नव्हता," फिजा हळूच म्हणाली.

"ठाऊक हाय."

"इरफानसरांनापण ठाऊक होतं."

"तेबी ठाऊक हाय."

"मग एवढ्या लोकांसमोर ते असं का बोलले?"

सर रस्त्यातच थांबले. "मला जळवायला! आतापर्यंत नुसता हुशार होता, ते मी कसंबसं सहन करत होतो. आता चांगलाबी निघाला! आता मी त्याचं काय करू, सांग?"

फिजाला हसू आवरेना. "म्हणजे उद्यापासून क्लास बंद?"

"बंद कशाला? जा. रोज जा," सर म्हणाले. "नीट लक्ष ठेव त्याच्यावर. एवढ्या माणसात एखादा तरी बग असंलच. सापडला की आधी मला सांगायचं."

"आणि न्हाई सापडला तर?"

सरांनी वळून समोरच्या माडीकडे पाहिलं. खिडकीत इरफान उभा होता. त्यानं वाकून सलाम केला.

"मग मलाच यावं लागंल शोधायला," सर दातओठ खात म्हणाले. "सकाळच्या बॅचला जागा हाय का, विचार त्याला."