ऑब्रे ट्रँटरचे हवेशीर बॉनेट

गुरुवारी सकाळी ऑब्रे ट्रँटरने केकचे सामान मोजण्याचा काटा कोटाखाली लपवून गॅरेजमध्ये नेला, तेव्हा त्याच्या हाताशी तीनच दिवस उरले होते. आज साचा, उद्या त्या साच्यातून फायबरचे नवे बॉनेट, परवा जोडणी; आणि रविवारी सकाळी नऊला क्लबची वसंतफेरी. वेल्सच्या किनाऱ्यापर्यंत बावीस जुन्या गाड्या जाणार होत्या, आणि त्यांतल्या एकीत, चालकाच्या शेजारच्या आसनावर, त्याची बायको ग्लेनिस बसणार होती. या शेवटच्या बाबीवर त्याचा अजून विश्वास बसत नव्हता.

गाडी साठीला टेकलेली, दोन आसनांची, गर्द लाल. मोकळ्या रस्त्यावर ती गुणी होती; रस्ता तुंबला की मात्र तिच्या पोटातल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट सापडत नसे आणि तिला उकळी फुटे. मागच्या जूनमध्ये लग्नाच्या तिसाव्या वाढदिवशी मेंढ्यांनी भरलेल्या एका ट्रकच्या मागे तिला अशीच उकळी फुटली. ग्लेनिसने दहा मिनिटे वाफेकडे पाहिले, टाचांचे बूट हातात घेतले आणि दोन मैल चालत जाऊन, राखून ठेवलेल्या टेबलावर ती एकटी जेवली. पुडिंग तिने दोघांचेही खाल्ले. तेव्हापासून त्या आसनावर नकाशांचे पुस्तक बसत असे. ऑब्रे दर रविवारी एकटाच किनाऱ्याला जाऊन येई, आणि एकट्याने पाहिलेला समुद्र त्याला दर वेळी थोडा लहान झाल्यासारखा वाटे.

"बॉनेटला दोन झरोके ठेवले की गरम हवा वरच्या वर निघून जाते," त्याने फेब्रुवारीत जेवताना विषय काढला होता. "आणि फायबरचं म्हणजे कसं, पिसासारखं हलकं."

"आणि आत्ताचं?"

"त्याला धक्का लावायचा नाही. गुंडाळून माळ्यावर. मूळचं आहे ते, गाडीबरोबर कारखान्यातून आलेलं."

ग्लेनिसने काटा-चमचा खाली ठेवला. "एक रविवार येईन. एकच. वाफ दिसली की मी उतरले, आणि पुन्हा कधी मला विचारायचं नाही. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला, आणि त्याच रात्रीपासून त्याची झोप उडाली.

झरोक्यांसाठी त्याने लाकडाचे दोन उंचवटे कोरले, पाण्याच्या थेंबाच्या आकाराचे. ते घासून बॉनेटवर चिकटवण्यात तीन आठवडे गेले. उरलेला वेळ सल्ल्यांनी खाल्ला. क्लबात दुसऱ्याच्या गाडीला हात लावणे असभ्य समजले जाई. सल्ल्यांना मात्र मर्यादा नव्हती.

"बॉनेटला मेणाचे सात हात," क्लबचा चिटणीस डेन्झिल गॉफ म्हणाला होता. "प्रत्येक हातानंतर तासभर थांबायचं आणि चकाकेपर्यंत पुसायचं. सहा दिलेस तर साचा सुटणार नाही. मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

"बॉनेट काढून टेबलावर ठेवलंस तर ते पिळवटेल," आयुष्यभर फायबरच्या होड्या दुरुस्त केलेला रेज म्हणाला होता. "गाडीवरच असू दे, चारी बाजूंनी घट्ट बसलेलं. कडेच्या फटी मऊ मातीनं बुजव, पोरं खेळतात ना, त्या. आणि साचा घातलास की एक दिवस त्याला शिवायचं नाही. अख्खा एक दिवस, ट्रँटर. जमेल तुला?"

प्रश्न रास्त होता. तीस वर्षे ऑब्रेने परगण्यातल्या सिग्नलांच्या वेळा ठरवल्या होत्या. इतरांना थांबवणे हा त्याचा व्यवसाय होता. स्वतः थांबणे त्याला कधी साधले नाही.

दोघांचे सल्ले त्याने अक्षरशः पाळले. मेणाचे सात हात बुधवारपर्यंत देऊन झाले होते. खबरदारी म्हणून त्याने बॅटरीची तारही काढून ठेवली. गुरुवारी काट्यावर हार्डनर थेंबाथेंबाने मोजून त्याने तो रेझिनमध्ये, म्हणजे नंतर दगडासारख्या घट्ट होणाऱ्या पातळ डिंकात, कालवला, काचेच्या धाग्यांची चटई थरावर थर बॉनेटवर अंथरली आणि प्रत्येक थर ब्रशने भिजवला. अकरा वाजता काम संपले. मधासारख्या रंगाचे ते ओले कवच गाडीवर निजले होते, आणि करण्यासारखे काहीही उरले नव्हते.

सव्वाअकराला त्याने बोट लावून पाहिले. चिकट. साडेअकराला पुन्हा पाहिले. चिकट. गॅरेजमध्ये एप्रिलचा गारठा होता. पावणेबाराला तो न्हाणीघरातला हीटर उचलून घेऊन आला, गाडीच्या नाकापुढे ठेवला आणि दार लावून घेतले.

हीटरने रेझिन सुकवायच्या आधी फटींतली माती मऊ केली. ती कसलाही आवाज न करता, लोण्याच्या गोळ्यासारखी आत घसरली; आणि तिच्या मागोमाग, अजून पातळ असलेले रेझिन सावकाश बॉनेटच्या खाली उतरले. आतल्या बाजूने बॉनेटला मेणाचा एकही हात दिलेला नव्हता.

शुक्रवारी सकाळी ऑब्रेने साच्याच्या कडेला लाकडी पाचर लावून हलकेच ठोकले. काही हलले नाही. त्याने जरा जोरात ठोकले, पाचर मोडली. मग त्याने रेजला फोन केला.

"गरम पाणी ओत," रेज म्हणाला. "सुटेल."

सहा किटल्या ओतून झाल्या.

"ओतलं. नाही सुटत."

"मग गाडीच्या आतून खिट्टीची तार ओढून बॉनेट साच्यासकट उघड, आणि खालून ढकल. पण जपून. खिट्टीत रेझिन गेलं असेल तर—"

"थांब, ओढलीच," ऑब्रे म्हणाला. तुटलेली तार त्याच्या हातात होती.

"ट्रँटर," रेज म्हणाला, "माझं वाक्य संपू द्यायचं होतंस रे."

आता बॉनेट उघडत नव्हते, म्हणून बॅटरीपर्यंत हात पोचत नव्हता. बॅटरी जोडता येत नव्हती, म्हणून गाडी सुरू होत नव्हती. आणि रविवारच्या आधी मधे एकच दिवस उरला होता. संध्याकाळपर्यंत त्याने आणखी चार पाचरी मोडल्या. त्याच्या बाह्यांत काचेची कुसळे शिरली होती आणि तो उभ्या उभ्या खाजवत होता. गॅरेजच्या छोट्या खिडकीतून उतरते ऊन त्या खरखरीत कवचावर पडले, तेव्हा न सोललेल्या नारळासारखी ती गाडी त्याला कुणा परक्याची वाटू लागली.

शनिवारी सकाळी ग्लेनिस काटा शोधत आली. दारातच थबकून तिने नाकाला रुमाल लावला.

"दोन दिवस झाले, माझ्या केकला होडीच्या दुकानाची चव येतीये. माझा काटा इथं आहे ना?"

"आहे," ऑब्रे कसाबसा म्हणाला. "म्हणजे होता. खालच्या बाजूनं चिकटलाय बाकाला."

तिने काट्याकडे पाहिले, गाडीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले. निवृत्तीपूर्वी सत्तावीस वर्षे ती जिल्हा रुग्णालयात प्लास्टरच्या खोलीत होती. मोडलेली हाडे बांधणे आणि जुळलेली सोडवणे हेच तिचे काम होते. ती गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि बोटाच्या पेराने कवचावर टिचकी मारली.

"हे असं कुणी घातलं?"

"मीच."

"आत कापूस नाही, पट्टी नाही. थेट कातडीवर. माझ्या खोलीत कुणी असं केलं असतं तर मी त्याला लादी पुसायला लावली असती. कधी निघायचंय उद्या?"

"नऊला. पण आता कसलं आलंय निघणं, ग्लेनिस? राहू दे. तुला यायचं नव्हतंच, तू सुटलीस."

हे तो हसत म्हणणार होता. पण म्हणता म्हणता तो मोडलेली पाचर उगाच पुन्हा कडेला लावू लागला. ग्लेनिसने त्याच्याकडे क्षणभर रोखून पाहिले आणि बाह्या वर सारल्या.

"करवत दे. ती नको, दंडुक्यासारखी. बारीक पात्याची, विजेवरची."

"कुठं कापणार?"

"आधी कडेनं. हात ढिला सोड, खांदे पाड. नुसता आवाज होतो, दुखत नाही. सगळ्यांना मी हेच सांगायचे."

कडेची फट अर्ध्या तासात मोकळी झाली. पण आतल्या खिट्टीत रेझिन दगड होऊन बसले होते. तिथे वरूनच हात घालायला हवा होता, आणि वर ते दोन उंचवटे होते. ग्लेनिसने खडूने त्यांच्याभोवती रेघ ओढली. ऑब्रेचा चेहरा पांढरा पडला.

"कवच काप, लाकूड काढ. पण खाली पत्रा आहे, ग्लेनिस. बॉनेट. मूळचं आहे ते!"

"मीही मूळचीच आहे, ऑब्रे."

गॅरेजमध्ये करवतीची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती. मग त्याने पुढे होऊन तिच्या हातातली करवत घेतली. साठ वर्षे कुणी न दुखवलेल्या त्या पत्र्यावर त्याने स्वतःच पाते टेकवले आणि डोळे मिटले.

"डोळे उघडे ठेवून काप!" ग्लेनिस ओरडली.

दोन भोके पडली, थेंबाच्या आकाराची. ग्लेनिसने उजव्या भोकातून खांद्यापर्यंत हात घातला, जीभ दातांत धरून आत काहीतरी चाचपडले, छिन्नीचे तीन ठोके मारले, आणि आतून खट्ट आवाज आला. दोघांनी मिळून बॉनेट उचलले. लोखंडाचे मूळ बॉनेट आणि त्यावर फायबरचा साचा, जन्माचे एक झालेले. मधोमध दोन झरोके.

रविवारी पावणेनऊला क्लबच्या पटांगणात डेन्झिल गॉफ त्या खरखरीत, केसाळ बॉनेटभोवती दोनदा फिरला. हात अर्थातच लावला नाही.

"किती हात दिलेस?"

"सात."

डेन्झिलने बराच विचार केला. "एप्रिलात आठ लागतात," तो म्हणाला आणि आपल्या गाडीकडे गेला.

ग्लेनिस आसनावर बसली. नकाशांचे पुस्तक मांडीवर, पायांशी चहाचा थर्मास. वेल्सच्या सीमेपाशी रस्त्याचे काम चालू होते. तात्पुरत्या सिग्नलपुढे वीस मिनिटांची रांग लागली होती. ऑब्रे रस्त्याकडे पाहतच नव्हता. त्याची नजर तापमानाच्या काट्यावर खिळली होती. झरोक्यांतून गरम हवा थरथरत वर निघून जात होती, आणि काटा निम्म्यावर शांत उभा होता.

"किती वेळा बघशील?" ग्लेनिस म्हणाली. "सिग्नल हिरवा झालाय."

डोंगर ओलांडताना पाऊस आला. आधी तुरळक, मग मुसळधार. एका चढावर गाडी खोकली, दोनदा हिसके दिले आणि रस्त्याच्या कडेला मुकाट्याने थांबली. क्लबच्या एकवीस गाड्या एकेक करून बाजूने गेल्या. प्रत्येकीने रिवाजाप्रमाणे हॉर्न वाजवला. ऑब्रेने दोन्ही हात चाकावर ठेवले आणि कपाळ हातांवर टेकले. बूट हातात घेऊन चालत जाणारी तिची पाठमोरी आकृती त्याला आत्ताच दिसू लागली होती.

"वाफ आहे का?" ग्लेनिसने विचारले.

"नाही."

"काटा?"

"निम्म्यावर. झरोक्यांतून पाणी गेलंय आत. इंजिनला ठिणगी देणाऱ्या तारा भिजल्या."

ग्लेनिसने काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे पाहिले. "आपलं वाफेचं ठरलं होतं," ती विचार करून म्हणाली. "पाण्याचं काही ठरलं नव्हतं. जा, पूस."

तो उतरला आणि बॉनेट उचलू लागला. ते चार बोटे वर आले आणि दाणकन खाली बसले. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला ग्लेनिस छत्री टाकून उतरली. दोघांनी जोर लावून ते वर नेले, टेकूची दांडी लावली. दांडी दमल्या माणसासारखी हळूहळू वाकली. शेवटी ग्लेनिसने खांदा दिला आणि भर पावसात ते पेलून उभी राहिली. ऑब्रे खाली वाकून एकेक तार रुमालाने पुसत होता.

"पिसासारखं हलकं म्हणाला होतास," वरून आवाज आला.

"म्हणालो होतो."

"हे एकट्यानं उघडायचं म्हणजे तुझ्या बापालाही जमायचं नाही."

"नाही जमणार."

"आणि पाऊस काय, इथं रोजचाच." तिच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होते. "म्हणजे आता दर रविवारी मला यावं लागणार. काय करून ठेवलंस हे, ऑब्रे? हं, आटप. नीट पूस. कोपऱ्यातली राहिली."

वरचे कवच यंत्राने घासून काढले तर वजन एका दुपारीत निम्मे होईल, हे ऑब्रेला ठाऊक होते. एरवी त्याच्या ओठांवर आलेले काही अर्धा क्षणही थांबत नसे. त्याने कोपऱ्यातली तार पुसली, मग मघाशीच पुसलेली पहिली तार पुन्हा एकदा सावकाश पुसायला घेतली, आणि घासण्याबद्दल एक अक्षरही काढले नाही.