मधलं मैदान मोकळं

मागची खोली रिकामी झाली आणि त्याच संध्याकाळी टिटवी आणि दादा यांच्यात युद्ध पेटलं. आजवर दोघं भावंडं एकाच खोलीत कोंबलेली. स्वतःची खोली कुणाला नको असते?

"ओरडू नका," आई म्हणाली. "तुमच्या त्या फुटबॉलच्या गेममध्ये काय तो निकाल लावा. जिंकेल त्याची खोली."

संगणकावरच्या त्या गेममध्ये चेंडूला लाथ मारायचीच नसते. आपण प्रशिक्षक! कोण कुठे उभा राहील ते ठरवायचं आणि मग नखं खात बघत बसायचं. दादाकडे होता लीगमधला सगळ्यात श्रीमंत क्लब. टिटवीचा क्लब तळाला.

"टिटवे, आत्ताच हार मान. रडशील नंतर."

पण टिटवीच्या डोक्यात भलतंच काहीतरी वळवळत होतं. मैदानाच्या मध्ये कुणीच उभं केलं नाही तर? तिने मधले सगळे खेळाडू उचलून कडेला नेले. पहिला सामना होता संगणकाच्या एका संघाशी. मोकळं मैदान दिसताच तो संघ हुरळून आत घुसला, आणि टिटवीच्या गड्यांनी कडेकडेने धूम ठोकून गोल केला. मग दुसरा. मग तिसरा! गेमचं डोकंच बंद पडलं होतं.

बघता बघता तिचा क्लब वर सरकला. स्वतःच्या पायात पाय अडकून पडणारे खेळाडू आता 'स्टार' झाले. आणि तिथेच घोटाळा झाला.

"दादा, माझा कप्तान कुठाय?"

"विकत घेतला."

"आणि तो उंच स्ट्रायकर?"

"तोही. आणि त्याचे चार दोस्त."

"आयत्या बिळावरचा नागोबा आहेस तू!"

"मी काय करू? तुझ्या क्लबच्या मालकाने विकले. नियमातच आहे."

टिटवीकडे उरली बाकावर बसून गंजलेली मंडळी आणि दादाशी खोलीचा सामना तर तोंडावर आलेला. तिला रडू फुटणार, तेवढ्यात पुन्हा काहीतरी वळवळलं. ते खेळाडू भारी होते, की त्यांच्या जागा भारी होत्या? बघायलाच हवं! तिने गंजलेल्या मंडळींना नेमकं त्याच जागांवर उभं केलं.

दादाने मात्र सगळे 'स्टार' शिस्तीत मैदानाच्या मधोमध लावले. तिथे ते एकमेकांवर आपटू लागले.

"अरे पळ ना, गाढवा! तुझ्यासाठी तिजोरी रिकामी केली मी!"

टिटवी चार, दादा शून्य. ती पलंगावर उड्या मारत असतानाच पडद्यावर चौकट उमटली. दादाच्या क्लबने दादाला हाकललं होतं! लगेच दुसरी चौकट आली. ती रिकामी जागा टिटवीला देऊ केली होती. तिने विचारसुद्धा न करता 'हो' दाबलं.

रात्री मागच्या खोलीत कपाट लावून, संगणक जोडून ती ऐटीत बसली. दार ढकललं गेलं. दादा. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात उशी.

"इथे काय काम?"

"मॅडम, मी बेकार आहे. सहायक प्रशिक्षक ठेवता का?"

"मग उशी कशाला?"

"सहायकाने संघापासून लांब राहून कसं चालेल?"

त्याला बाहेर काढायला टिटवीने तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते वेगळंच. "दादा, गोलकीपरलाच पुढे पाठवलं तर काय होईल रे?"

दादाने उशी पलंगावर टाकली आणि खुर्ची पुढे ओढली.

"सरक जरा. नीट दाखव."